बाकड्याचं सिंहासन

अद्भुतकथेवरची मालिका बघून उठलेला माणूस आधी ड्रॅगनबद्दल बोलतो. कसा उडाला, आग खरी वाटली का, पंखांची कातडी कशी दिसली. मलाही हे बोलणं आवडतं. पण कादंबरीची मालिका होताना जे काही अडतं, त्यात ड्रॅगन हा सगळ्यात सोपा भाग आहे, असं आता मला ठामपणे वाटतं. पैसे असले की ड्रॅगन येतो. पैसे असूनही जे येत नाही ते वेगळंच असतं. ते वाचणाऱ्याने आपल्या डोक्यात, कोणाला न सांगता, स्वतः उभं केलेलं असतं. मालिका करणाऱ्यांची खरी पंचाईत तिथे होते.

माझी भाची मुंबईत एका व्हीएफएक्स स्टुडिओत काम करते. तिचं काम रोटोचं. चित्रित झालेल्या दृश्यातला माणूस, त्याचे केस, त्याच्या हातातली काठी हे सगळं एकेका फ्रेममध्ये कडेकडेने कापून मोकळं करायचं, मग त्याच्यामागे दुसरं काहीतरी बसवता येतं. एका सेकंदाला 24 फ्रेम. परदेशातल्या मोठ्या मालिकांचं हे किचकट काम भारतातल्या स्टुडिओंकडे भरपूर येतं. जत्रेला ती वेंगुर्ल्याला आली, की रात्री खळ्यात बसून आमच्या याच गप्पा चालतात. तिने एकदा सहज म्हटलं, "जनावर उभां करूचां सोपां आसा, मामानू. माणसान तेका हात लावलो की खर्च वाढता." लोकरीत बोट रुतलं पाहिजे, जनावर पाण्यात शिरलं तर पाणी हललं पाहिजे, दिव्याजवळून गेलं तर त्याची सावली माणसाच्या अंगावर पडली पाहिजे. लांबून गेलेला लांडगा स्वस्त, कुशीत झोपलेला महाग.

हे ऐकल्यापासून अनेक मालिकांमधल्या गाळलेल्या जागा मला दिसायला लागल्या. 'गेम ऑफ थ्रोन्स'चंच बघा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी 1980च्या दशकात अमेरिकेत टीव्हीसाठी लेखन केलं. बजेटपायी तिथे सतत काटछाट करावी लागे. मग कादंबरीत त्यांनी हात मोकळा सोडला: शेकडो पात्रं, मोठमोठे किल्ले, सैन्यांवर सैन्यं. 1996 साली पहिला खंड आला आणि 2011 साली त्याचीच मालिका झाली, म्हणजे ज्या कात्रीतून सुटायला ते पुस्तकाकडे गेले होते, त्याच कात्रीत पुस्तक सापडलं. पहिल्या सीझनमध्ये हिरव्या फाट्याची लढाई येते. पुस्तकात टिरियन हा बुटका सरदारपुत्र ती स्वतः लढतो. मालिकेत लढाई सुरू होता होता त्याच्या डोक्याला मार बसतो आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. लढाई चित्रित करायला पैसे नव्हते, इतकं साधं कारण. तरी मला ती जागा आवडते. बुटक्या, लढाईला न शोभणाऱ्या माणसाने लढाई बघितलीच नाही, हे त्या पात्राला धरून आहे.

लांडग्यांचं तसं झालं नाही. स्टार्क कुटुंबातल्या प्रत्येक मुलाचा एक मोठा लांडगा आहे, आणि पुस्तकात तो त्या मुलाच्या स्वभावाचाच बाहेर हिंडणारा भाग आहे. मुलगा स्वप्नात लांडग्याच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्या जिभेवर रक्ताची चव येते. मालिकेत हे लांडगे हळूहळू दिसेनासे झाले. ते नसले तरी गोष्ट अडत नाही, म्हणून कोणाला फारसं खटकलंही नाही. पण ती मुलं आतून थोडी रिकामी झाली.

'हिज डार्क मटेरियल्स'मध्ये हाच प्रश्न आणखी धारदार होतो. फिलिप पुलमन यांच्या या कादंबऱ्यांत प्रत्येक माणसासोबत एक प्राणी असतो, डीमन. तो त्या माणसाचा आत्माच, फक्त शरीराबाहेर राहणारा. दुसऱ्याच्या डीमनला हात लावणं ही त्या जगातली सगळ्यात निषिद्ध गोष्ट. बीबीसी आणि एचबीओने 2019 ते 2022 या काळात तीन सीझनमध्ये ही गोष्ट केली. सेटवर नटांसमोर कठपुतळ्या नाचवणारे कलाकार ठेवले, म्हणजे नटाची नजर कुठेतरी ठरेल, हाताला काहीतरी लागेल. मग त्यांच्या जागी संगणकातला प्राणी आला. काम सुंदरच झालं. पण गर्दीची दृश्यं आली की तक्रार सुरू झाली: रस्त्यावर पन्नास माणसं आहेत, मग पन्नास प्राणी कुठे आहेत? ही तक्रार मला हट्टाची वाटत नाही. प्रत्येकाजवळ प्राणी असतो हे डोळ्यांत पुरतं मुरल्याशिवाय, एका माणसाजवळ तो नाही हे बघून छातीत धस्स होणार कसं?

पुस्तकात तो प्रसंग आहे. उत्तरेतल्या बर्फात, एका झोपडीत कथेची नायिका लायरा हिला एक मुलगा सापडतो. त्याचा डीमन त्याच्यापासून कापून वेगळा केलेला आहे, आणि डीमनच्या जागी त्याने एक सुका मासा छातीशी धरलेला आहे. मुलगा मरतो. कोणीतरी तो मासा काढून घेतं, तेव्हा लायरा संतापते, आणि त्याच्या डीमनचं नाव एका नाण्यावर कोरून ते त्याच्या तोंडात ठेवते. मी हे पान वाचलं तेव्हा आमच्या बंदरावर वाळत घातलेल्या मासळीचा वास माझ्या ओळखीचा होता. सुकी मासळी आमच्या घरात पावसाळ्याची बेगमी असते, तिच्यात भय वाटण्यासारखं काही नाही. त्या पानानंतर मात्र कितीतरी दिवस मला सुका बांगडा हातात घेताना तो मुलगा आठवायचा.

मालिकेत मुलगा बदलला. टोनी मकारियसच्या जागी बिली कोस्टा आला, जो आपल्याला आधीच माहीत आहे, ज्याची आई आपण पाहिली आहे. पटकथेच्या हिशेबाने हे बरोबरच, कारण ओळखीच्या मुलासाठी जीव जास्त तुटतो. पण मासा गेला. कोट्यवधींच्या बजेटमध्ये दोन-चार रुपयांचा मासा परवडला नाही असं कोणी म्हणणार नाही. तो गेला, कारण पडद्यावर मासा हा मासाच दिसतो. पुस्तकात तो आत्म्याची रिकामी जागा दाखवतो, आणि तसा तो व्हायला आधीची दोनशे पानं खर्ची पडलेली असतात. ती दोनशे पानं वाचणाऱ्याने मनातल्या मनात प्रत्येक माणसाजवळ एकेक प्राणी ठेवत ठेवत पार केलेली असतात. मालिकेने हे काम स्वतःकडे घेतलं, परवडेल तेवढे प्राणी दाखवले, आणि बघणाऱ्याला मोकळं सोडलं. मोकळ्या माणसाला सुक्या माशाचं भय वाटत नाही.

या सगळ्याचा विचार करताना मी सारखा दशावताराशी जाऊन पोचतो, कारण अद्भुत रंगमंचावर आणायची माझ्या ओळखीची सगळ्यात जुनी रीत ती आहे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी फिरली, की रात्री उशिरा देवळासमोर दशावतार उभा राहतो. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि कोणी काय करायचं एवढं ठरतं, बाकीचे संवाद उभ्या उभ्या होतात. नट आपली रंगरंगोटी आपणच करतात, स्त्रीपार्टही पुरुषच करतात. आधी गणपती, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार, मग आख्यान. ते एकच बाकडं राजाचं सिंहासन होतं, घटकाभराने डोंगराचा कडा होतं, मग राणीच्या महालातला पलंग. लढाई म्हणजे दोन राजे तलवारी घेऊन मृदंगावर गिरक्या घेतात. कोण हरतोय ते तालावरून कळतं. प्रेक्षकांतूनच आरोळी देत राक्षस येतो आणि पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात. ज्या पोरांनी संध्याकाळी त्याच नटाला चहा पिताना पाहिलेलं असतं, तीच पोरं.

बाकडं सिंहासन होतं ते नटाच्या बळावर, तसंच बघणाऱ्याच्याही. राजा बसतो त्या ऐटीवरून अर्धं सिंहासन तयार होतं, उरलेलं अर्धं समोरची माणसं करतात. त्यांना ते काम वर्षानुवर्षं येतं. आणि सगळ्यांना गोष्ट माहीत असते, हे तर फारच मोठं. अभिमन्यू मरणार हे माहीत असलेली म्हातारी चक्रव्यूहाच्या आधीच डोळे पुसायला लागते.

मालिकेवाल्यांकडे हे सुख नाही. त्यांच्यासमोर एकाच वेळी दोन प्रेक्षक बसलेले असतात. एकाने सगळे खंड वाचलेत, नकाशा तोंडपाठ आहे, घोड्याचा रंग बदलला तरी त्याला कळतं. दुसरा कामावरून येऊन जेवता जेवता बघतोय, कोणाचं घराणं कुठलं याचा त्याला पत्ता नाही. दुसऱ्याला समजावं म्हणून पात्रं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगत बसतात. पहिल्याला त्याचा कंटाळा येतो. पहिल्यासाठी सूचक ठेवावं तर दुसरा उठून जातो. कादंबरीला हा पेच पडत नाही. तिच्यासमोर एकेकटा वाचणारा असतो आणि तो आपल्या चालीने पानं उलटतो.

दशावतारातही आता सगळं जुनं राहिलेलं नाही. गेली कितीतरी वर्षं बॅनरवर 'ट्रिकसीनयुक्त' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. नागाच्या फण्यातून देवी प्रकट होते, धुराच्या लोटातून राक्षसाचं तोंड उघडतं. गर्दी होते. पहाटे चहाच्या टपरीवर वाद झडतो. एकजण म्हणतो, सीन काय जबरदस्त केला. दुसरा म्हणतो, सीन बघायला लोक उठून पुढे गेले आणि राजाचं भाषण वाहून गेलं. मी दोन्हीकडे मान हलवतो, कारण ट्रिकसीन मलाही आवडतो. तो आख्यानाच्या भरात आला, की अंगावर काटा येतो. तो येणार म्हणून आख्यान उरकलं गेलं, की रात्र फुकट गेल्यासारखी वाटते. जगातल्या सगळ्यात महाग मालिकांबद्दल जे वाद होतात, ते मला या टपरीवरच्या वादापेक्षा वेगळे वाटलेले नाहीत.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या सीझनमधली मोठी रात्रीची लढाई 2019च्या एप्रिलमध्ये आली. तिच्यासाठी 55 रात्री चित्रीकरण चाललं होतं. आपल्याकडे ती सोमवारी सकाळी उजाडताना दिसली. दारं-खिडक्या उघड्या, बाहेर चैत्राचं ऊन, आणि पडद्यावर काळोखात काळोख. जगभर लोकांनी तक्रार केली की काही दिसत नाही. चित्रीकरण करणाऱ्यांचं म्हणणं होतं की काळोख मुद्दामच ठेवलेला आहे. मला ते पटतं, त्यांनी अंधाऱ्या खोलीतला मोठा पडदा डोळ्यांपुढे ठेवला होता. पण मालिका घरात बघायची असते, आणि आमच्या घरात नेट दुबळं झालं की चित्राचे चौकोन पडतात. पुस्तकातला काळोख कुठेही, भर दुपारीही, तेवढाच दाट असतो.

माझ्या मनात मात्र सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी'ची आहे. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' 1968 साली आली. ते सगळं जगच बेटांचं. जमीन थोडी, पाणी अपार. जहाजावर एखादा जादूगार असतो आणि तो शिडांत वारा बोलावतो. खारे वारे, मतलई वारे, वारा पडला तर होडी कशी परत येणार, ही आमच्याकडची रोजची बोलणी. त्यामुळे हे पुस्तक मला परकं वाटलंच नाही. त्यातली माणसंही आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांसारखी सावळी. नायक गेड तांबूस-तपकिरी रंगाचा, त्याचा मित्र वेच तर चांगलाच काळा. गोरे आहेत ते एका बाजूच्या बेटांवरचे हल्लेखोर.

त्या जगात जादू फुकट मिळत नाही. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरं बेट कोरडं पडू शकतं, म्हणून शहाणा जादूगार जादू शक्यतो करत नाही. गेडचा गुरू ऑगियन त्याला घेऊन रानातून चालतो. पाऊस येतो. छोटेमोठे मांत्रिकही मंत्र म्हणून ढग दुसरीकडे ढकलतात, पण हा गुरू झाडाखाली पडून भिजतो. पोराला राग येतो: शक्ती असून वापरायची नाही, तर तिचा उपयोग काय? आषाढात चार-चार दिवस सूर्य न दिसणाऱ्या गावात बसून मी हे वाचलं. पाऊस थांबवू शकणारा माणूस पावसात निमूट भिजतोय, याहून मोठी जादू मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. आता हे पडद्यावर कसं दाखवणार? कॅमेऱ्यासमोर एक म्हातारा भिजतोय एवढंच दिसेल. निर्मात्याला हवी असते हातातून निघणारी वीज.

2004 साली अमेरिकेतल्या साय-फाय चॅनलने त्यावर छोटी मालिका केली. गेडच्या भूमिकेत गोरा नट घेतला आणि आजूबाजूचे बहुतेकही गोरे. त्याहून मला लागलं ते नावांचं. अर्थसीत प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते जिवापाड जपायचं असतं, कारण ज्याला ते कळलं त्याच्या हातात तो माणूस गेला. जगात वावरायला वेगळं नाव. लोकांसाठी तो स्पॅरोहॉक, खरं नाव गेड. मालिकेने हे उलटं केलं: सगळे त्याला गेड म्हणतात आणि गुप्त नाव स्पॅरोहॉक. पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना यात काही बिघडलं असं वाटलंही नसेल. पण सबंध पुस्तकात 'गेड' हा शब्द वाचताना आपल्याला विश्वासात घेतलं गेलंय, अशी जी भावना असते, ती एका फटक्यात गेली. लेखिकेने आपल्याला डोळे झाकून एक गुपित दिलेलं होतं. ते टीव्हीवर सगळ्या गावाला ओरडून सांगितलं गेलं.

ले ग्विन गप्प बसल्या नाहीत. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर लेख लिहिला. करारात त्यांना सल्लागार म्हणून जागा होती, पण निर्णयात काही हात नव्हता. माणसांचे रंग आपण विचार करून ठरवले होते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तो लेख वाचून मला फार बरं वाटलं. लांबच्या एका देशातली बाई आपल्या काल्पनिक माणसांच्या कातडीच्या रंगासाठी भांडत होती, आणि ती माणसं मला माझ्या घरची वाटत होती.

मनातलं बाहेर कसं आणायचं हा आणखी एक जुना पेच. 'द व्हील ऑफ टाइम'मध्ये पेरिन नावाचा लोहाराचा शिकाऊ पोरगा आहे, अंगाने दांडगा, मनाने सावकाश. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात कुऱ्हाड, आणि आपल्या हातून कोणाला इजा होईल ही धास्ती. पुस्तकात ही धास्ती खंडच्या खंड त्याच्या डोक्यात चालते. मालिकेने पहिल्याच भागात त्याला पुस्तकात नसलेली बायको दिली, आणि हल्ल्याच्या गोंधळात ती त्याच्याच कुऱ्हाडीने मेली. ते का केलं हे मला कळतं, कारण मनातली भीती कॅमेऱ्याला दिसत नाही आणि प्रेत दिसतं. तरीही ते मला मान्य नाही. आपण कोणाला मारू की काय अशी भीती असलेला पोरगा आणि मारून बसलेला नवरा ही दोन वेगळी माणसं आहेत. एकाची गोष्ट घेऊन दुसऱ्याची सांगता येत नाही.

हा पेच आपल्याकडे एकदा फार सुंदर सोडवला गेलाय. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' 1988 ते 1990 या काळात 94 भागांत दूरदर्शनवर आलं. राही मासूम रझांच्या त्या लेखनात निवेदक म्हणून काळच बोलतो. पडद्यावर फिरणारं चक्र आणि एक आवाज. त्या आवाजाने पात्रांच्या मनातलं सांगितलं, वर्षंच्या वर्षं ओलांडली, आणि ऐकणाऱ्याला विचारही करायला लावलं. ज्या महाभारतात मुळातच कोणीतरी कोणालातरी गोष्ट सांगत असतं, त्याला हे शोभलं. खर्च म्हणाल तर एका माणसाच्या आवाजाचा.

काळाचीच गोष्ट निघाली म्हणून. टॉल्किनच्या जगाचं दुसरं युग 3441 वर्षांचं. 'द रिंग्ज ऑफ पॉवर'वाल्यांनी ते काही माणसांच्या आयुष्यात बसवलं, नाहीतर न मरणारे एल्फ तेच राहिले असते आणि माणसं दर सीझनला मरून नवी आली असती. मला खरं तर तीच मालिका बघायला आवडली असती, पण नटांचे करार आणि प्रेक्षकाची माया या दोन्हींना ती पेलली नसती.

टीव्हीचा स्वतःचा काळ याहून निष्ठुर असतो. 'द व्हील ऑफ टाइम'चा पहिला खंड 1990चा. लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 साली गेले, ब्रँडन सँडरसन यांनी उरलेलं पूर्ण केलं आणि चौदावा खंड 2013 साली आला. लेखक गेला तरी पुस्तक पुरं झालं. मालिकेचं काय? पहिल्या सीझनचे आठपैकी सहा भाग झाले आणि 2020 साली महामारीने चित्रीकरण थांबलं. काम पुन्हा सुरू होताना मॅट या मुख्य पात्राचं काम करणारा नट नव्हता, शेवटचे दोन भाग नव्याने लिहावे लागले, पुढच्या सीझनला मॅट दुसऱ्याच चेहऱ्याने आला. दशावतारात एखादा नट आजारी पडला, तर दुसरा त्याचा मुकुट घालून उभा राहतो आणि पाच मिनिटांत तोच राजा होतो. इथे मात्र चेहरा हाच माणूस. 2021च्या नोव्हेंबरनंतर दुसरा सीझन 2023च्या सप्टेंबरला, तिसरा 2025च्या मार्चला, आणि त्याच मे महिन्यात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. चौदा खंडांची गोष्ट 24 भागांनंतर अर्ध्यावर.

आपल्याकडे उलटा आजार आहे. रोजची मालिका थांबतच नाही. एपिसोडची बँक भरत ठेवायची, टीआरपी टिकला तर गोष्ट ताणायची. कादंबरीला शेवट असतो, आणि रोजच्या मालिकेला शेवट म्हणजे संकट. लहानपणी रविवारी सकाळी आम्ही 'चंद्रकांता' बघायचो, तेव्हा ती देवकीनंदन खत्रींच्या 1888च्या कादंबरीवर आहे हे माहीतही नव्हतं. पुढे कादंबरी हातात आली तर तिची जातच वेगळी निघाली. खत्रींचे ऐयार, म्हणजे हिकमती हेर, वेष पालटतात, बेशुद्धीची औषधं हुंगवतात, हिकमती करतात. तिलिस्म म्हणजे कोणीतरी फार हुशारीने बांधून ठेवलेलं यंत्र, त्याला कळ असते. अद्भुत असूनही त्याचा हिशेब लागतो. मालिका या हिशेबापासून लांब गेली आणि वेषभूषेत, भुवयांत रमली. मालिकेतल्या खलनायक क्रूरसिंगचं 'यक्कू' आम्हालाही पाठ होतं, ते खोटं कशाला सांगू. पण कादंबरीची ती कळ मालिकेत नव्हती.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताचा मोठा वाटा होता. 1861ची 'मुक्तामाला', 1868ची 'मंजुघोषा', नंतर नाथमाधवांचा 'वीरधवल'. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला घरात आणलं, आणि ते फार थोर काम झालं. पण अद्भुताचा तो रस्ता आपण नंतर फारसा चाललो नाही. आता कोकणात कॅमेरा येतो तो बहुतेक भुताखेतांसाठी. 'रात्रीस खेळ चाले'ने सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा घराघरांत नेला, मालवणी बोली घराघरांत नेली, याचा मला आनंद आहे. तरी आमच्या इथलं अद्भुत भीतीपुरतं नाही.

आमच्या आरवलीचा वेतोबा घ्या. रात्री तो गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला केळी आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. त्या चपला झिजतात असं लोक सांगतात. वेतोबाला चालताना कोणी पाहत नाही, पाहायचंही नसतं. झिजलेला तळ पाहायचा. कोणी कोकणच्या अद्भुतावर मालिका करायला आलं, तर मी त्याच्या हातात आधी त्या चपला ठेवीन. संगणकात वेतोबा उभा करू नका, एवढं हात जोडून सांगीन. सकाळी देवळात एक बाई नवी चपलांची जोडी ठेवते आणि जुनी उचलते, तिचा अंगठा तळाच्या झिजलेल्या जागेवरून फिरतो, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नसतं. हा एक शॉट नीट झाला तर पुढचे दहा भाग लोक प्रत्येक अंधाऱ्या पाणंदीकडे वेगळ्या नजरेने बघतील. भाचीला सांगितलं तर म्हणाली, यात माझ्या हाताला काहीच काम नाही. मग थोडं थांबून म्हणाली, अंगठ्याखालची धूळ मी करीन.

'द व्हील ऑफ टाइम' बंद झाल्यावर ती फार चिडली होती. तिसरा सीझन बराचसा चौथ्या खंडावर होता, म्हणून तिने पाचवा मागवला आणि लोकलमध्ये वाचायला घेतला. काही आठवड्यांनी तिचा मेसेज आला, "मामानू, पेरिन खंय गेलो? इतकी पानां झाली, दिसाक नाय." मी तिला कळवलं की पाचव्या खंडात तो नाहीच. एवढा मोठा नायक, आणि लेखकाने त्याला अख्ख्या खंडाची सुट्टी दिली. टीव्हीवर कोणा नटाला असं घरी बसवणं सोपं नाही, जरी 'गेम ऑफ थ्रोन्स'ने स्टार्कांच्या ब्रॅन या मुलाला पाचव्या सीझनभर गायब ठेवलं होतं. तिचं उत्तर लगेच आलं. पेरिन या वेळी कुठे असेल, काय करत असेल, याचा विचार आता तीच करतेय, आणि सहाव्या खंडाची ऑर्डर देऊन झालेली आहे.